चांगल्या विहिरींची यादी

नालासोपारा स्टेशनवरून धरलेल्या रिक्षातून संपदा उतरली, तेव्हा डंपर तुळशीदासकाकांच्या विहिरीत डबर ओतत होता. ती धावतच पुढे गेली.

"काका, थांबवा त्याला. पाणी चांगलं आहे."

काकांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "फलकावर लिवलाय, गावातली एक पन बाव चांगली नाय. तुझीच यादी ना ती?"

तिचीच होती. गावात कावीळ शिरल्यापासून विहिरींच्या पाण्याचे अहवाल ती दर महिन्याला कॉलेजातल्या संगणकावर चढवायची. संगणक आधी वाईट विहिरींचे क्रमांक काढायचा, मग ते वगळून उरलेल्या चांगल्या विहिरी छापायचा. इतके महिने बिनबोभाट चाललं. या खेपेला कागद कोरा आला, म्हणजे एकही विहीर चांगली नाही. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, पण यंत्र कशाला खोटं बोलेल? सही ठोकून तिने तो पाणी समितीकडे धाडला. समितीने फलक लावला, आणि डबर टाकायला जागा शोधणाऱ्या बिल्डरचे डंपर जणू त्याचीच वाट पाहत होते.

आज सकाळी तिने मूळ अहवाल उघडून पाहिले. सगळ्या विहिरी स्वच्छ होत्या. वगळायला क्रमांकच नव्हता, आणि क्रमांक नाही म्हटल्यावर त्या शहाण्या संगणकाने सगळ्या विहिरी ठेवायच्या सोडून एकही निवडली नाही. प्रत्येक विहिरीपुढे वाईट आहे की नाही, एवढंच लिहून घेतलं असतं तर ही पाळी आली नसती.

हे तिने काकांना जमेल तसं सांगितलं. डंपरच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. विहिरीत डबर अजून बसत होतं.

"बिल्डर कवापासना फुकट भराव देतो म्हनत होता. मी ऐकला नाय," काका म्हणाले. "पन काविळीत नात जाता जाता वाचली. परत नको म्हटला." ते विहिरीच्या काठावर बसले. "म्हंजे एक पन बाव वाईट नव्हती, म्हनून सगल्या वाईट?"

संपदाने मान हलवली.

तेवढ्यात पलीकडच्या वाडीतून दगडविटा कोसळल्याचा आवाज आला.

"ती पास्कलची बाव," काका म्हणाले. "जा, धाव. त्याला तरी सांग."