राक्षसाचं बारसं

“सगळं झालं, राक्षसाचं बारसं तेवढं राहिलंय,” चित्रकार म्हणाली. “पाचला गेम लोकांच्या हातात जाणार आणि हा गृहस्थ नाव द्यायला तयार नाही.”

गेमवाल्याने घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून गेले होते.

ऑफिस म्हणजे दोन खोल्या. एकीत तो आणि चित्रकार, दुसरीत खोकी. लोकांनी वर्गणी काढून हा गेम उभा केला होता आणि ज्याच्या त्याच्या वर्गणीप्रमाणे भेट ठरली होती. थोडे देणाऱ्यांची नावं गेमच्या शेवटी येणार होती. जास्त देणाऱ्यांना गेममधल्या दाराला असते तशी छोटी पितळी कडी मिळणार होती. सगळ्यांत मोठी भेट एकच होती, राक्षसाला नाव द्यायची. ती वर्गणीदार क्रमांक सातने पहिल्याच दिवशी घेऊन टाकली आणि तिथेच घोडं अडलं.

गेम साधा होता. एका लहान मुलाला अडगळीच्या खोलीत कोंडलेलं असतं. राक्षस येतो, बाहेरून कडी लावतो, निघून जातो. मुलाने सुटायचं.

“हे मी रचलेलं नाही, आमच्या घरात घडलेलं आहे,” असं गेमवाल्याने वर्गणीच्या व्हिडिओत सांगितलं होतं. पुढचं लोकांना सांगावं लागलं नाही. पत्रांचा पाऊस पडला, मुलाखती झाल्या. तीच गोष्ट सांगून सांगून त्याच्या अंगवळणी पडली. सांगताना आता त्याचे डोळेही भरून येत.

चित्रकाराला त्याने दार अगदी हुबेहूब सांगितलं होतं. हिरवा रंग, खालचा उडालेला टवका, लावताना अंगठ्याला चिमटा घेणारी कडी. खोलीच्या आतलं मात्र त्याला नीट आठवत नसे. “अंधार होता गं,” एवढंच तो म्हणे.

आतलं सुधारलं ते क्रमांक सातने. गेमचा नमुना पाहून त्याची पत्रं येत. ‘उजेड दाराखालून येणार नाही, तिथे पोतं असतं. बिजागरीच्या फटीतून दाखवा.’ मग, ‘कडीचा आवाज मोठा झालाय. आतून कडी एवढी ऐकू येत नाही. त्याआधीचं हसू ऐकू येतं.’ प्रत्येक सूचना गेमवाल्याने घेतली आणि प्रत्येक वेळी खोली जास्त खरी झाली.

“घर तुझं, आणि चुका हा काढतो,” चित्रकार हसली.

“लहान होतो. किती लक्षात राहणार? आणि चाहते असतात असे डोकं लढवणारे.”

तीनच्या सुमाराला आईचा फोन आला.

“जेवलास का?”

“हो. तू?”

“जेवले. शेजारच्या बाईंनी तुझी मुलाखत पाहिली. म्हणाल्या, तुमचे यजमान इतके कडक असतील असं वाटलं नव्हतं.”

“मी बाबांचं नाव कुठे घेतलं, आई?”

“नाही घेतलंस.” ती म्हणाली. “पण दुसऱ्या कुणाचंही घेतलं नाहीस.”

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“त्यांनी तुम्हा दोघांवर कधी आवाजसुद्धा चढवला नाही. ते आता सांगायला येणार नाहीत. धाकटा वर्षानुवर्षं फोन करत नाही. तू करतोस, तर लोक मला हे असलं ऐकवतात.”

“आई, गेम आहे तो.”

“ठेवते,” ती म्हणाली आणि तिने ठेवला.

त्याला स्वतःची लाज वाटली. वडिलांना जाऊन सहा वर्षं झाली होती. वर्गणीदारांत कधीपासून कुजबुज होती की राक्षस म्हणजे बापच. क्रमांक सातने तेच नाव दिलं तर? राक्षस दिसला की दर वेळी त्याच्या डोक्यावर ते झळकणार. हजारो लोक बापाला शिव्या घालणार आणि आईला त्या ऐकाव्या लागणार. नोकरी सोडून चार वर्षं ज्याच्यामागे तो हाडाची काडं करत होता, त्या गेमचा पहिला घाव घरावरच बसणार होता.

“बाबांचं नाव आलं तर मी घेणार नाही,” तो म्हणाला.

“कबूल केलेली भेट आहे. नाही म्हटलंस तर लोक सोलून काढतील.”

“काढू देत.”

त्याने क्रमांक सातला लिहिलं. ‘माझ्या वडिलांचं नाव तेवढं देऊ नका. हात जोडून विनंती. आई हयात आहे. बाकी कोणतंही नाव द्या, एक अक्षर न बदलता ठेवीन. शब्द देतो.’

पत्र गेलं. लिहिल्यावर त्याला बरं वाटलं. निदान एका बाबतीत तरी आपण मुलासारखे वागलो, असं त्याच्या मनात आलं. त्याने चहा मागवला आणि तो तसाच गार होऊ दिला. चित्रकार राक्षसाच्या नावाची रिकामी चौकट उघडून बसली होती. वर्गणीदारांच्या पानावर लोक मिनिटं मोजत होते.

पाचला दहा मिनिटं असताना उत्तर आलं.

“वाचते,” चित्रकार म्हणाली. तिने एका हाताने चौकट पुढे ओढली आणि मोठ्याने वाचायला लागली.

“‘बाबांचं नाव मी कसं देईन? संध्याकाळी कामावरून आले की कडी तेच काढायचे. राक्षसाचं नाव दादा ठेव. आतून मी हीच हाक मारायचो.’”