न गळणारं पेन

भरतेश साखर कारखान्याचा चिटबॉय. ऊसतोडीच्या चिठ्ठ्या लिहीत पलूसच्या फडाफडांतून मोटारसायकलवर हिंडायचं, त्यामुळं खिशातलं शाईचं पेन एकतर फुटायचं, नाहीतर गळायचं. या रोजच्या कटकटीला वैतागून तो नवं पेन घ्यायला मिरजेला गेला.

दुकानदारानं पोलादी पेन फरशीवर आपटून दाखवलं. “टोपणाला आटे हायत. जलमभर खिशात ठेवा, गळणार न्हाई.”

भरतेशनं ते कोरंच खिशाला लावलं. शाई घरी जाऊन भरायची होती.

दारातच तान्हं बाळ घेऊन उभी असलेली बायको प्राची म्हणाली, “हे बी गळलं व्हय?”

खिशाच्या तळाशी निळा डाग होता. त्यानं पेन उघडलं. आत ठणठणीत कोरडं.

दुसऱ्या दिवशी पेन घरी ठेवून तो कामावर गेला, तरी सदऱ्यावर तोच डाग. मग त्याचा हात सारखा छातीकडं जाऊ लागला. लिहिताना, जेवताना, गाडी चालवताना. शेवटी त्यानं पेन परत केलं. दुकानदारानं ते फडक्यात धरून घेतलं.

बारशाच्या सकाळी भरतेशनं नवाकोरा पांढरा सदरा उलगडला. घडीच्या आत डाग होता. ओला.

बाहेर बायका जमू लागल्या होत्या. प्राची पाळण्यावर वाकून उभी होती.

“आवं,” ती हळूच म्हणाली, “झबल्याला तर खिसाच न्हाई.”

बाळ शांत झोपलं होतं. त्याच्या छातीवरचा निळा ठिपका श्वासागणिक मोठा होत होता.