सोयीचे कान

कारखान्यात लेथ चालवणारा टर्नर घरी आला आणि दारातच थांबला. बायको पाठमोरी बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला अजमावायला तो नेहमीच्या आवाजात म्हणाला, "मी हे घर सोडून चाललोय."

तिने लेकीच्या झबल्याच्या बाह्या सारख्या केल्या. घडी बाजूला ठेवली. मग मान वळवली आणि एकदम दचकली. "आलात? हात धुवा, वाढते."

तो मोरीकडे गेला. ती ऐकून न ऐकल्यासारखं करते, यात आता शंकेला जागाच उरली नव्हती.

लेक झाल्यापासून हे असंच चाललं होतं. तो काही विचारायचा, ही ढिम्म. लेक पाळण्यात नुसती कुरकुरली तरी मात्र धावायची. बहिणीशी फोनवर तासन् तास बोलायची, तेही इतक्या हळू की पलीकडच्या खोलीत एक अक्षर कळत नसे. एवढं लपवण्यासारखं काय होतं? एकदा त्याने दाराला कान लावला. "नको, त्यांना काही विचारू नकोस," एवढंच ऐकू आलं. त्या दिवशी तो ताट सारून उठला.

कानातच काही दोष असेल, असंही मध्ये वाटून गेलं. पण ती डबा घेऊन कारखान्यात यायची तेव्हा सगळी लेथ यंत्रं धडाडत असायची. त्या गदारोळात त्याने हाक मारली की ही पहिल्या हाकेला वळायची, हसून उत्तर द्यायची. शेजारचा फिटर म्हणायचा, "वहिनींचे कान भारी तिखट!" म्हणजे कान ठणठणीत होते. नकोसा झाला होता तो फक्त नवऱ्याचा आवाज.

त्याने सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. तिच्यासमोर उभा राहून ओरडला, "उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचंय!"

सोंग उघडं पडेल म्हणून ती टाळणार, हे त्याने धरूनच ठेवलं होतं.

"जाऊ की," ती म्हणाली. "तुमचा कान दुखतोय का?"

दुसऱ्या दिवशी तिने ठेवणीतले कपडे घातले. लेकीला कडेवर घेऊन रस्ताभर खुशीत चालली. तो आणखीच चक्रावला.

डॉक्टरीणबाईंनी चिमट्यासारखा एक लोखंडी नादकाटा वाजवून तिच्या कानाशी धरला. तिने नकारार्थी मान हलवली. मग त्याच काट्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला. तिचे डोळे मोठे झाले. "हां, आता येतोय आवाज!"

टर्नरने फोनचं, कारखान्याचं सगळं सांगितलं, तेव्हा डॉक्टरीणबाई त्याच्याकडे वळल्या. "कानात आत एक इवलंसं हाड असतं. आवाजाबरोबर ते हलतं. त्याच्या बुडाशी नको ते हाड वाढतंय, त्यामुळे ते जखडत चाललंय. काही जणींना हे बाळंतपणानंतर जाणवायला लागतं. जाड, पुरुषी आवाज आधी जातात; बाळाचा बारीक आवाज पोचतो. स्वतःचा आवाज आत घुमतो, म्हणून या हळू बोलतात. गोंगाटात सगळेच ओरडून बोलतात, तिथे यांचं भागतं. फोन तर कानालाच लावलेला असतो. घाबरू नका, यावर ऑपरेशन आहे."

टर्नरचे कान लाल झाले. तो तिच्याजवळ वाकला आणि मोठ्याने म्हणाला, "अगं, माझं बोलणं ऐकू येत नव्हतं, तर सांगितलं का नाहीस?"

तिने लेकीला छातीशी घट्ट धरलं.

"चारचौघांत नीट बोलायचात, घरी नुसते पुटपुटायचात. मला वाटलं, मुलगी झाली म्हणून तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत."