चौकटीबाहेरचा हात

"हा हिरवा नीट बघा. हे विष आहे," समीक्षक म्हणाले आणि त्यांनी हातातली काठी थेट आईच्या गालावर रोखली.

चित्रातल्या आईच्या. खरी आई पहिल्या रांगेत मांडीवर पर्स धरून बसली होती. शेजारी बसलेल्या मुलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाबांच्या पश्चात भरलेलं हे त्यांचं पहिलंच प्रदर्शन. त्यात 'पत्नी' हे चित्र म्हणे सर्वांत थोर. हिरवा चेहरा, मागे तांबडी भिंत, बाई एका कडेला सरकलेली आणि तिचा एक हात खांद्यापासून चौकटीबाहेर. समीक्षकांची गाडी सुसाट सुटली होती. हिरवा म्हणजे बायकोचं जन्मभराचं कुढणं. रिकामी भिंत म्हणजे कलावंताचं एकटेपण. "आणि हा डावा हात त्यांनी मुद्दाम छाटलाय. जिने कधी साथच दिली नाही, तिला हात कशाला द्यायचा?"

लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. जिने बाबांचे ब्रश धुतले, त्यांच्या पाहुण्यांची उठबस केली, त्यांचे रुसवेफुगवे काढले, तिच्या तोंडावर टाळ्या!

मुलगी ताडकन उठली. "काहीच्या बाही काय बोलताय? आई इथे बसलीये. तिला एका शब्दाने विचारलंत?"

"ताई, अर्थ चित्रकाराला विचारायचा असतो," समीक्षक समजूत घातल्यासारखे म्हणाले. "समोर बसणाऱ्याला नाही."

"मग विचारा की," आई म्हणाली.

ती उठून चित्रापाशी गेली. "हिरवा लावला, कारण तोच उरला होता. चांगल्या ट्यूबा ह्यांच्या चित्रांना लागायच्या. आणि हा हात डावा नाही, उजवा आहे. आरशात बघून काढलं की उलटं येतं. हा तीळ बघा."

आईचा तीळ उजव्या गालावर होता, चित्रात डाव्या. बाबा चुकले असतील, असंच मुलगी इतकी वर्षं समजत आली होती. तिचे कान तापले. आता राग समीक्षकांवर राहिला नव्हता.

"तो हात चित्र काढत होता," आई म्हणाली. "चौकटीत कसा येईल?"

समीक्षकांनी घाईघाईने चित्राच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "पण बाई, सही तर सरांची आहे!"

"हो," आई म्हणाली. "तेवढं मात्र ह्यांनी केलं."