'पी'वरून शब्द

"पेशन्स म्हणजे धीर, प्रॉमिस म्हणजे वचन, पार्डन म्हणजे क्षमा..." दवाखान्याच्या बाकावर कुंदाताई नवऱ्याच्या कानाशी पुटपुटत होत्या आणि पर्सचा पट्टा पिळत होत्या. मागच्या खेपेला डॉक्टरांनी 'पी'वरून शब्द विचारले, तेव्हा जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या देवस्थळे सरांना जेमतेम तीन आठवले होते. तेव्हापासून ताई त्यांच्याकडून रोज 'पी'चे शब्द घोकून घेत होत्या. स्मरणशक्तीची चाचणी याही वेळी धड झाली नाही, तर बाबांचं एकट्याने फिरायला जाणं बंद, असं मुलाने बजावलं होतं.

आत गेल्यावर डॉक्टरांनी घड्याळ समोर ठेवलं. "सर, एका मिनिटात 'पी'पासून सुरू होणारे शब्द सांगा, अर्थासकट."

ताईंच्या जिवात जीव आला. पण सर घड्याळाचा काटाच न्याहाळू लागले! त्या खुर्चीच्या कडेला सरकल्या आणि आवाज न करता, नुसत्या ओठांनी "पेशन्स, पेशन्स" सुचवू लागल्या.

सरांनी त्यांच्याकडे करड्या नजरेने पाहिलं. "डॉक्टर, अक्षर बदला. हा पेपर फुटलाय."

"अहो!" ताई कळवळल्या.

डॉक्टरांनी हसून 'एम' दिलं. मिनिट संपलं तरी सरांना एकही शब्द सुचला नाही. ताठ मानेने ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

कॉपी करताना सापडलेल्या मुलीसारखी ताईंनी मान खाली घातली. आणि कितीतरी महिन्यांनी आपला नवरा शेजारी येऊन बसलाय, असं त्यांना वाटलं.