गावाचं टेबल

१९९४ साल. पूर्व प्रशिया या जर्मन प्रांतातला त्यांचा जिल्हा दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडकडे गेला, तरी तिथून घालवलेली जर्मन माणसं दरवर्षी जर्मनीत जमत, गावागणिक टेबल मांडून. एडेलट्राउटच्या टेबलावर ती एकटीच होती.

“बाकीच्यांनी वर देवाघरीच मांडलं वाटतं टेबल,” मेळावा चालवणारा बेन्नो म्हणाला. “चारपर्यंत दुसरं कुणी आलं नाही, तर तुझ्या गावाचं टेबल बंद, एडेलट्राउट.”

कॉफी निवली, तरी तिची नजर दारावरून हटेना. चार वाजता वाजता एक पोलिश बाई समोर येऊन बसली. “मी हालिना, तुमच्याच गावची. तळ्याकाठच्या निळ्या दाराच्या घरात जन्मले.”

युद्धाआधी ते घर एडेलट्राउटचं होतं. तिने कॉफीचा दुसरा कप भरून हालिनापुढे ठेवला. मग ओरडली, “बेन्नो, दोन लिही!”

तीन वर्षांनी एडेलट्राउट वारली. हालिना येत राहिली, एकटीच बसायची. टेबल बंद करायची भाषा बेन्नोने मरेपर्यंत केली नाही.