गळ्यातला लाकडी बूट

माझ्या लहानपणी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या आमच्या शाळेत घरची ब्रेटन भाषा बोलायला बंदी होती, फक्त फ्रेंच. तोंडातून ब्रेटन शब्द निघाला की केर्व्हेला मास्तर गळ्यात फुटका लाकडी बूट अडकवायचे. दुसरं कुणी सापडेपर्यंत तो उतरत नसे. "शेणातली भाषा शेणातच ठेवा, गुरांनो!" असं ओरडायचे. स्वतःला ते पॅरिसचे म्हणवायचे.

एकदा पॅरिसहून साहेब तपासणीला आले होते. तेवढ्यात उंच पांढरी टोपी घातलेली एक म्हातारी, हातात लोण्याची टोपली घेऊन थेट वर्गात शिरली आणि ब्रेटनमध्ये काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतेय ही?" साहेबांनी विचारलं.

"असेल कुणी लोणी विकणारी. मला नाही कळत या लोकांची बडबड," मास्तर म्हणाले.

"मुलांनो, तुम्हाला कळतंय?"

कळलं सगळ्यांना होतं, पण बुटाच्या भीतीने माना खाली गेल्या. माझ्या गळ्यात तो सकाळपासूनच होता. मी उभी राहिले. मास्तरांनी डोळे वटारले.



"साहेब, ती मास्तरांना म्हणतेय, 'अरे, आईला बस तरी म्हण.'"